पावशी, सान्तोकू आणि धारेची मजुरी

ऑनलाइन खरेदीमुळे जपानी सुरी आता साकोली, तुमसर, पवनीसारख्या गावांतही चार-सहा दिवसांत घरपोच येते. सान्तोकू, ग्युतो, नाकिरी ही नावे स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना पाठ झाली आहेत. पहिले काही महिने सुरी खरोखरच कमाल करते. पिकलेल्या टोमॅटोचे पातळ काप निघतात, चिरलेली कोथिंबीर काळी पडत नाही. मग हळूहळू ती टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागते आणि भंडारा जिल्ह्यात ती दुरुस्तीला द्यायची कोणाकडे, असा प्रश्न पडतो. ‘आपल्याकडे ती विद्याच नाही’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. मला ते पटत नाही. विद्येचा बराचसा भाग इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, पोलाद आहे, आणि दगड तर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. इथे कधीच नव्हता तो धार लावण्याच्या कामाचा वेगळा भाव. ज्या कामाचा भाव ठरत नाही ते काम शिकायला कोणी बसत नाही, आणि शिकलेला असेल तोही ते मन लावून करत नाही. जपानी सुरीने केले एवढेच की ही जुनी उणीव उघडी पाडली.

आधी ती सुरी वेगळी का, ते पाहू. पोलादात कार्बन जितका जास्त, तितके ते पाणी दिल्यावर, म्हणजे लाल करून झटकन थंड केल्यावर, कठीण होते आणि तितकेच ठिसूळही. जपानी सुऱ्यांसाठी नावाजलेली शिरोगामी आणि आओगामी ही पोलादे शिमाने प्रांतातल्या यासुगी गावची. त्यांत कार्बन साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर अशी सुरी साठच्या पुढे जाते, तर युरोपी धाटणीची स्वयंपाकघरातली सुरी पंचावन्न ते अठ्ठावन्नच्या आसपास थांबते. आकड्यांतला हा फरक किरकोळ दिसतो, पण हातात तो फार जाणवतो. कठीण पोलादाला बारीक कोनाची धार पेलते. जर्मन सुरीला प्रत्येक बाजूने वीस अंशांच्या आसपास उतार लागतो, जपानी सुरीला बारा ते पंधरा अंश पुरतात. उतार जितका कमी तितकी पात फळात शिरताना कमी रेटते. पण अशी धार वाकत नाही, तुटते. मऊ पोलादाची सुरी हाडावर पडली तर तिची कड दुमडते, जपानी सुरीचा तुकडा उडतो. म्हणून अनेक सुऱ्यांत मधला पातळ थर कठीण पोलादाचा आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाचे कवच, अशी जोडणी असते. कापायचे काम मधला थर करतो आणि धक्का बाहेरचे लोखंड सोसते.

कमी धारेने बिघडते काय, असे विचारणारे असतात, आणि ते रास्तच आहे. भाजी तर चिरली जातेच. पण कशी, ते एका प्रयोगात दिसले. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये कांदा चिरतानाचे तुषार वेगवान कॅमेऱ्याने टिपले. बोथट पाते आधी कांद्याचा पापुद्रा दाबते, आत दाब साठतो, आणि पापुद्रा फाटताच रस जोराने उडतो. धारदार पाते दाब साठूच देत नाही, त्यामुळे तुषार कमी उडतात आणि तेही मंद वेगाने. कोथिंबीर काळी पडण्याचे कारणही हेच, पेशी कापल्या जाण्याऐवजी चिरडल्या जातात. बोथट सुरी सुरक्षित असते हा समजही तपासून पाहावा. ती सालीत शिरत नाही म्हणून आपण जोर वाढवतो, आणि घसरते तेव्हा तो सगळा जोर बोटावर येतो.

आता धार लावण्याची रीत. जपानी पद्धतीत पाण्यात भिजवलेला सपाट दगड असतो, आणि सुरीचा कोन न बदलता तिची कड त्यावरून पुढे-मागे फिरवायची. दगडाला आकडा असतो. आकडा मोठा, तितका दगड बारीक. चारशेच्या आतला खरबरीत दगड तुटलेली कड घासून काढायला, हजाराचा रोजच्या धारेला, तीन हजारांपासून पुढचे दगड कड गुळगुळीत करायला. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कोर उभी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागते. ती कोर पूर्ण लांबीभर आली म्हणजे घासणे कडेपर्यंत पोहोचले. मग सुरी उलटायची, तिकडूनही तसेच करायचे, आणि शेवटी हलक्या हाताने ती कोर काढून टाकायची. ती राहिली तर सुरी पहिल्या दिवशी जादूसारखी चालते आणि आठवड्यात बोथट होते. नवशिके बहुतेक इथेच फसतात. पाणी घालण्यामागे दोन कारणे आहेत. घासलेल्या दगडाचा आणि धातूचा चिखल कड घासायला मदत करतो, आणि कड तापत नाही.

या तापण्यातच सायकलवरच्या धारवाल्याच्या चाकाचा धोका आहे. सुरी बनवताना आधी तिला लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, मग साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सियसवर पुन्हा शेकून तिचा ठिसूळपणा कमी करतात. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर केसासारखी बारीक कड त्या तापमानाच्या पुढे क्षणात जाते. कडेला पिवळसर, मग निळी झाक आली की तिथले पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग मऊ झाला, आणि तो घासून काढल्याशिवाय तिथे टिकाऊ धार येत नाही. कोणी म्हणेल, धारवाल्याकडून आणलेल्या कात्र्या-सुऱ्या वर्षानुवर्षे चालतात की. चालतात, कारण त्या मऊ पोलादाच्या आणि जाड कडेच्या असतात, उष्णता पसरायला त्यांत धातू भरपूर असतो. धारवाल्याचे कसब त्या वस्तूंसाठी बरोबरच आहे. जपानी सुरी त्याच्या चाकाला लावणे ही मालकाची चूक. बाजारात मिळणारी, सुरी ओढून धार लावायची खाच त्याहून वाईट. ती कड घासत नाही, ओरबाडते, आणि कठीण पोलादाचे बारीक तुकडे पाडते.

दुरुस्ती म्हणजे नुसती धार नव्हे. वारंवार घासून कड वर सरकते, आणि पात वरच्या बाजूला जाड असते. काही वर्षांनी सुरी कितीही घासली तरी भोपळ्यात अडकते. कड बारीक असते, पण तिच्या मागचे अंग जाड झालेले असते. तेव्हा पातीची बाजू संपूर्ण घासून पातळ करावी लागते. हे काम सावकाश होते आणि त्याला हात बसलेला लागतो. कडेचा तुकडा उडाला असेल तर तो खळगा नाहीसा होईपर्यंत सगळी कड मागे न्यावी लागते, सुरीची रुंदी तेवढी कमी होते. लाकडी मूठ सडली तर बदलतात. राहता राहिला गंज. भंडाऱ्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात चिंच, कैरी, अंबाडी. कार्बनी पोलादावर या आंबटाने काळसर थर चढतो. तो निरुपद्रवी असतो, उलट पुढचा गंज थोपवतो. लाल गंज मात्र लगेच काढावा. त्याला महागडे द्रावण लागत नाही. धानाच्या तुसाची राख ओल्या फडक्यावर घेऊन घासली तरी वरवरचा गंज जातो, कारण त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि जिल्ह्यात ती उदंड आहे.

धान हाच इथला धारेचा जुना शत्रू. भाताच्या ताटात, पानांत सिलिका साठते. तणस हाताला खरखरीत लागते ती त्यामुळेच. ती कापताना इळ्याची कड सतत झिजते, म्हणून धान कापणाऱ्या मुलखात पाजवणे हे रोजचे काम असते. पावशीचेही तसेच. पुण्याकडे जिला विळी म्हणतात तीच ही पावशी. पाटावर घट्ट बसवलेले वाकडे पाते, आणि दोन्ही हात मोकळे. तिच्यावर मेथी चिरली जाते आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांतले मासेही कापले जातात. जपानात मासे कापायला देबा नावाची जाड पाठीची, एकाच बाजूने उतार असलेली वेगळी सुरी असते. इथे तेच काम पावशी करते, आणि पाते स्थिर ठेवून मासा फिरवायची युक्ती वापरते. दोन संस्कृतींनी एकच प्रश्न निरनिराळ्या अंगांनी सोडवला. तणसाचा तर आणखी एक धागा आहे. जपानी तलवार घडवणारे लोहार पोलाद तापवताना त्याला भाताच्या पेंढ्याची राख आणि मातीचा चिखल लावत, म्हणजे भट्टीत त्यातला कार्बन जळून जात नसे. भातशेतीचा प्रदेश लोखंडाच्या कामात काय वापरतो, हे पाहिले तर भंडारा आणि जपान यांच्यातले अंतर वाटते तितके नाही.

पोलादाच्या बाबतीतही हा जिल्हा परका नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, पेंच नदीकाठच्या नायकुंडला महापाषाणयुगीन वस्तीतली लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. आजच्या घडीला तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगेनीजच्या खाणी आहेत, आणि मँगेनीजमुळे पोलादाला पाणी खोलवर चढते. भंडारा रोड स्थानकाजवळ वरठीला सनफ्लॅगचा कारखाना मोटारगाड्यांच्या उद्योगासाठी विशेष पोलाद बनवतो, आणि त्या कंपनीत नागोयाच्या दाइदो स्टीलचे भांडवल आहे. हे पोलाद सुऱ्यांचे नव्हे, हे खरेच. पण गावातला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून इळे घडवतो, तेव्हा त्याच्या हाती अर्धा टक्क्याहून अधिक कार्बनचे चांगले मिश्र पोलाद असते. शिरोगामीइतके कठीण ते होणार नाही, पण घरच्या भाजीला तेवढे लागतही नाही. थोडक्यात, अडचण धातूची नाही.

अडचण कुठे आहे ते रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात नोंदलेले आहे, जरी त्यांना तो मुद्दा मांडायचा नव्हता. गावच्या लोहाराला शेतीची अवजारे बनवण्या-दुरुस्त करण्यासाठी वर्षाचे धान्य ठरलेले असे. वर्ध्यात चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे साधारण चाळीस एकरांमागे, पन्नास पौंड. नवे अवजार हवे असेल तर कधी पैसे वेगळे, आणि लोखंड व कोळसा तर नेहमी मालकाने द्यायचा. या व्यवस्थेचा अर्थ नीट पाहावा. नव्या वस्तूला किंमत होती. जुन्या वस्तूला पुन्हा धार आणणे वर्षाच्या धान्यात जमा होते. वखराची पास असो की इळा, तो कितीदा पाजवला याचा हिशेब कोणी ठेवत नव्हता. ही बलुत्याची पद्धत मोडली तेव्हा नव्या वस्तूची किंमत रोख पैशांत आली, पाजवण्याची मात्र आलीच नाही. जिला किंमत नव्हती तिला बाजारात उभे राहायला जागाच नव्हती.

जपानमधले साकाई शहर याच्या उलट टोकाला आहे. ओसाकाजवळच्या या शहराला आधीपासून लोहारांची परंपरा होती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू आला, त्याची पाने बारीक कापायच्या सुऱ्या तिथे बनू लागल्या, आणि पुढे एदो काळात शोगुनच्या सरकारने त्या सुऱ्यांवर गुणवत्तेचा शिक्का मारण्याचा हक्क साकाईला दिला. तिथे सुरी एका हातून बनत नाही. लोहार पात घडवतो, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. धार लावणे हा स्वतंत्र धंदा, त्याचे कारखाने वेगळे, त्याची उमेदवारी वेगळी. धारेचा भाव वेगळा मोजला गेला म्हणून ती विद्या शतके टिकली. जपान सरकारने १९७४ मध्ये पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा केला तेव्हा संरक्षण द्यायला तिथे एक ओळखता येणारा धंदा होता. आपल्याकडे प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, हत्यारे बनवणारा आहे, हातोडा आणि अवजारे बनवणारा आहे, कुलूपवालाही आहे. धार लावणारा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नाही. यादी करणाऱ्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबात जे काम दिसत नव्हते, ते आजच्या यादीत कसे दिसणार?

तंबाखूवरून इथली एक गोष्ट सांगायलाच हवी. भंडारा-गोंदिया पट्ट्यात विडी वळणाऱ्या बाया तेंदूची पाने पत्र्याच्या मापावर ठेवून कैचीने कापतात. मजुरी हजार विड्यांमागे. कैची बोथट असेल तर पान फाटते, वेळ जातो, आणि ते नुकसान कामगाराच्याच पदरी पडते. साकाईत तंबाखूच्या सुरीची धार हा व्यापार झाला. इथे तंबाखूच्याच उद्योगात कैचीची धार हा कामगाराचा खासगी प्रश्न राहिला.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत जोरदार आक्षेप भंडाऱ्यातच उभा आहे. हे पितळी भांड्यांचे गाव. कल्हईवाल्याला भांड्यामागे रोख पैसे मिळत, म्हणजे त्याच्या कामाचा भाव स्पष्ट होता. तरी तो गेला. मग भाव असला तर विद्या टिकते, हे खरे कसे मानायचे? याचे उत्तर वस्तूत आहे. पितळेची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, आणि स्टेनलेस स्टीलला कल्हई लागत नाही. गरजच नाहीशी झाली. स्टेनलेस सुरीला मात्र धार लागतेच, उलट स्वस्त स्टेनलेस सुरी लवकर बोथट होते. गरज कायम राहून काम नाहीसे झाले, तेव्हा कारण वस्तूत शोधता येत नाही, व्यवहारात शोधावे लागते. दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे. साठ-सत्तर रुपयांत नवी सुरी मिळते, मग दुरुस्ती कशाला? एका सुरीपुरते हे गणित बिनचूक आहे. पण वर्षातले बहुतेक महिने बोथट सुरीने काम करणे हाच त्यातला खर्च, आणि तो बाईच्या मनगटाने भरलेला असल्यामुळे बिलात येत नाही.

दातेरी इळ्याचे उदाहरणही माझ्याविरुद्ध दिले जाईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा नवीन विळा, हे करवतीसारख्या दातांचे असतात आणि त्यांना वारंवार पाजवावे लागत नाही. धानासाठी ते योग्यच आहेत. खुद्द जपानात भात कापायला करवतीच्या दातांचा विळा वापरतात, गुळगुळीत धारेचा गवताला. हा आक्षेप माझ्या बाजूचा आहे, असे मी म्हणतो. जिथे पाजवणे टाळता येते तिथे ते टाळायची अक्कल जपान्यांनी दाखवली, आणि जिथे टाळता येत नाही, म्हणजे स्वयंपाकघरात, तिथे त्याची मजुरी दिली. आपण पहिला अर्धा भाग उचलला. धान कापायला आता हार्वेस्टरही येतो, पण कांदा चिरायला तो येत नाही.

मग हे काम करायचे कोणी? लोहाराचे नाव घेताना जपून बोलावे लागते. त्याच्या विद्येचे गोडवे गाणाऱ्यांना त्याची कमाई आणि त्याचे जातीने ठरवलेले स्थान सहसा आठवत नाही, आणि त्याच्या मुलाला ऐरणीशी बसायचे नसेल तर त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. दगडावरची धार हे भट्टीचे काम नसल्यामुळे ते कोणीही शिकू शकते. हजार आणि तीन हजारांचे दोन दगड, एक पाट, पाणी आणि काही आठवड्यांचा सराव एवढे भांडवल पुरते. जिल्ह्यात महिला बचत गटांचे जाळे आहेच. आठवडी बाजारात बसून सुरीमागे, कैचीमागे, पावशीमागे ठरलेला दर लावणारी एखादी बाई गिऱ्हाइकाला दोन गोष्टी एकदम शिकवील: धार म्हणजे काय, आणि तिचा भाव काय. पावशीचे वाकडे पाते सपाट दगडावर बसत नाही, त्यासाठी गोल कडेचा लहान दगड हाताने पात्यावरून फिरवावा लागतो. एवढा बदल सोडला तर रीत तीच. हजारो रुपयांच्या जपानी सुरीपेक्षा रोजच्या पावशीपासून सुरुवात करावी, कारण तिची संख्या जास्त आणि तिच्यावर हात चुकला तर नुकसान कमी. चाकावर तापून पाणी उतरलेली सुरी मात्र या बाईने परत करावी. कडेचा मऊ भाग थोडा असेल तर घासून निघतो. पण निळी झाक पातीत वरपर्यंत गेली असेल तर तिला पुन्हा लाल करून पाणी द्यावे लागते, आणि ते काम ऐरणीवाल्याचेच. त्याने त्याचे पैसे वेगळे मागावेत.